घंटाळीला कॉक बंद

मी जिना चढून वर पोचेपर्यंत बाबांचं निदान झालेलं होतं. गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांनी आता फारसं दिसत नाही, पण नाक अजून शाबूत आहे. "ओव्हर मारतेय गं," ते म्हणाले. "पेट्रोल सगळं जळत नाहीये. इथवर वास आला."

दुसऱ्या मजल्यावर वास येण्याइतकं काही झालंय असं मला वाटलं नव्हतं. गाडी एका किकमध्ये सुरू होत होती, चालतही होती. फक्त सिग्नलला थांबलं की गुरगुरायची, मूठ जरा पिळली की आधी गुदमरायची आणि मग झेपावायची. मागच्या महिन्यात लिटरमागे पंधरा किलोमीटरसुद्धा पडले नव्हते. खाली जाऊन प्लग काढला. काजळी धरलेल्या कंदिलाच्या काचेसारखा काळा आणि कोरडा. तो कोरडा आहे हे पाहून जीव भांड्यात पडला. ओला, चकचकीत काळा असता तर ऑइल वर येतंय असा अर्थ झाला असता, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचं गाइड झिजलेलं, म्हणजे इंजिन उघडणं. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. दुखणं कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात होतं.

गाडी बीएसए बी३१ आहे, १९५६ ची. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बंदुका बनवणारी मंडळी, नंतर सायकली आणि मोटरसायकलींकडे वळली. एकच सिलिंडर, ३४८ सीसी. पिस्टनचा व्यास ७१ मिलिमीटर आणि त्याची धाव ८८. लांब धावेचं इंजिन असल्यामुळे एकेक ठोका सुटा ऐकू येतो. आमच्या घरात तिला कोणी कधी मोटरसायकल म्हटलं नाही. ती फटफटीच. बाबांनी १९७१ मध्ये ती सेकंडहँड घेतली, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, कायम झाल्यावर. एमआयडीसीची ती पहिली वसाहत. तेव्हा तिथे तिन्ही पाळ्यांत यंत्रं चालायची आणि सकाळी ठाण्याच्या रस्त्यांवर डबा लावलेल्या सायकलींची रांग दिसायची. त्या रांगेत बाबांची फटफटी. गाडी घेतली आणि दोनच वर्षांत, १९७३ मध्ये, तिकडे इंग्लंडात बीएसए कंपनी बुडाली. परदेशी सुटा भाग मागवणं तेव्हा पगारदार माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यामुळे या गाडीत जे बाबांना करता आलं ते बाबांनी टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत स्वतः केलं, आणि जे करता आलं नाही ते चोरबाजारातून शोधून आणलं.

लहानपणापासून मनात बसलेली या गाडीची एक खूण आहे. कामावरून येताना घंटाळी मंदिर आलं की बाबा डावा हात खाली नेऊन पेट्रोलचा कॉक बंद करायचे. पुढचं अंतर कार्बोरेटरच्या भांड्यात उरलेल्या पेट्रोलवर. आमच्या गेटपाशी आली की फटफटी दोनदा उचकी देऊन आपोआप बंद पडायची. आई तो आवाज ऐकून चहाचं आधण ठेवायची. रात्रभर भांड्यातून पेट्रोल झिरपू नये, जिन्याखाली वास कोंडू नये, हे त्यामागचं कारण. पण मला वाटायचं, गाडीला घर कळतं. गाडी माझ्याकडे आल्यावर मीही हेच करत आले. घंटाळीला हात आपोआप खाली जातो.

आता कार्बोरेटर. आधी मी शहाण्या माणसासारखी एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या मुलाने मूठ दोनदा पिळली, मागचा काळा धूर पाहिला आणि सांगितलं, "मॅडम, हे जुनं काढून टाका. नवीन कार्बोरेटर बसवून देतो, संध्याकाळी घेऊन जा." दर वाजवी होता आणि गाडी संध्याकाळी नीट चालली असती, यात मला शंका नाही. पण त्याने काय बिघडलंय हे एकदाही विचारलं नाही. मला ते सहन झालं नाही. बिघाड कशाचा आहे हे कळल्याशिवाय वस्तू फेकून द्यायची, हे आमच्या घरात कधी झालेलं नाही. मिक्सरचं भांडंसुद्धा नाही. मी गाडी घरी आणली आणि ठरवलं की हे आपण करायचं, रविवारच्या रविवारी, जितके लागतील तितके.

कार्बोरेटर अ‍ॅमल कंपनीचा आहे, मोनोब्लॉक. अ‍ॅमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स असे तीन कार्बोरेटरवाले एकत्र आले, त्यातून अ‍ॅमल झाली. आधीच्या अ‍ॅमलमध्ये फ्लोटचं, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या गोळ्याचं, भांडं बाजूला वेगळं लटकायचं. मोनोब्लॉकमध्ये ते मुख्य अंगातच ओतलेलं आहे, म्हणून हे नाव. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम. तळहातात मावतं आणि दिसतं त्यापेक्षा जड लागतं. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की आत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जास्त आवळले तर तोंड वाकडं होतं. नाजूक वस्तू आहे, ताकदीने हाताळायची नाही.

त्यातलं काम मात्र इतकं उघडं आहे की शाळेतल्या मुलीलाही समजावं. मूठ पिळली की पितळेसारखी चकाकणारी गोल स्लाइड वर जाते आणि हवेचा रस्ता उघडते. स्लाइडच्या पोटात एक निमुळती सुई लटकते. ती खालच्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी नळीच्या, भोकात उभी असते. स्लाइड जितकी वर, तितकी सुई वर, तितकी भोकातली फट मोठी आणि तितकं पेट्रोल जास्त. मूठ जवळपास मिटलेली असते तेव्हा सुईचं राज्य नसतं. तिथे पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. मूठ आठव्या भागापासून पाव भागापर्यंत उघडली की स्लाइडला खालून दिलेली तिरकी काप ठरवते. ही काप इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात. स्लाइडवर साडेतीन कोरलेलं असेल तर काप साडेतीन सोळांश इंच. पाव ते पाऊण सगळं सुईचं. त्यापुढे मेन जेट. अ‍ॅमलच्या मेन जेटवर कोरलेला आकडा भोकाचा व्यास सांगत नाही, मिनिटाला किती घनसेंटिमीटर द्रव त्यातून जातो ते सांगतो. मला ही पद्धत फार आवडते. भोक किती मोठं आहे यापेक्षा त्यातून जातं किती, हे इंजिनाला जास्त महत्त्वाचं.

म्हणून पहिलं काम म्हणजे मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावणं. मिटलेली असताना एक रेघ, पूर्ण उघडल्यावर दुसरी आणि मध्ये तीन. गाडी कुठल्या रेघेवर गुदमरते ते पाहायचं. घोडबंदर रोडवर ही परीक्षा घेणं आता शक्य नाही. मेट्रोचे खांब, बॅरिकेड आणि ट्रक यांच्यामध्ये मूठ एका जागी पाच सेकंदसुद्धा धरता येत नाही. मी पहाटे साडेपाचला उपवन तलावापाशी जायचे आणि येऊरचा चढ धरायचे. चढावर मूठ एका रेघेवर धरायची, अर्धा किलोमीटर न्यायची, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. गरम प्लग फडक्यात धरून बॅटरीच्या उजेडात बघणारी बाई पाहून सकाळी फिरायला येणारे आजोबा थांबायचे. एकाने विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, हवा हरवलीय काका. त्यांना पटलं असावं, मान हलवून पुढे गेले.

उत्तर स्वच्छ आलं. पाव ते पाऊण, सगळीकडे काळा. म्हणजे सुई आणि तिचं जेट.

तरी मी सरळ तिथे गेले नाही. आधी सोपं ते बघावं असा बाबांचाच दंडक आहे. हँडलवर चोकचा छोटा दांडा आहे. त्याची केबल ओढली की हवेची लहान स्लाइड वर जाते, सैल सोडली की स्प्रिंगने खाली येते. म्हणजे केबल ताणून लांब झाली तर आपण दांडा पूर्ण उघडला तरी ती स्लाइड वाटेत थोडी लोंबत राहते आणि हवा अडवते. कार्बोरेटरच्या तोंडात बोट घालून पाहिलं. दोन मिलिमीटर लोंबत होती. मला वाटलं, सापडलं! केबल आवळली, फ्लोटची सुईही बदलली, येऊरला गेले. फरक पडला, पण थोडाच. प्लग काळाऐवजी गडद तपकिरी-काळा.

मग उघडलं. जुन्या पुस्तकातले आकडे समोर ठेवले आणि एकेक भाग काढून त्याच्याशी ताडत गेले. एकही भाग पुस्तकाप्रमाणे नव्हता.

सुईची क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत होती. क्लिप वर म्हणजे सुई खाली, म्हणजे पेट्रोल कमी. मेन जेटवर आकडाच नव्हता. तो बाबांनी स्वतः वळलेला होता, इतका सफाईने की आकडा नाही एवढं सोडलं तर ओळखू येऊ नये. आणि त्याचं भोक मूळ जेटपेक्षा बारीक होतं. एकाच उंचीवर पाण्याची बाटली टांगून, एक मिनिट मोजून, खाली पडलेलं पाणी मापाच्या नळीत धरून मी ते तपासलं. हवेचा स्क्रू इतका बाहेर काढलेला होता की गळून पडू नये म्हणून त्यावर सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा चढवला होता. आणि एवढं सगळं केल्यावर मूठ सोडली की इंजिन चालू राहीना, म्हणून स्लाइडचा टेका देणारा स्क्रू आत पिळून आयडल, म्हणजे मूठ सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, वर चढवलेला.

मी तो पसारा वर्तमानपत्रावर मांडून बराच वेळ बघत बसले. हे एका दिवसाचं काम नव्हतं. व्हॉल्व्हट्यूबचं रबर मेणासारखं मऊ झालं होतं, क्लिप मात्र नवी दिसत होती, मेन जेटवर वर्षानुवर्षांचा पिवळा थर. बाबांनी कधी एक खाच वर, कधी अर्धा फेरा बाहेर, कधी जेट बारीक, असं करत पन्नास वर्षं गाडीला सांभाळून घेतलं होतं. प्रत्येक वेळी गाडी बरी झाली असणार. प्रत्येक वेळी काही महिन्यांनी पुन्हा वास आला असणार.

मी ठरवलं की सगळं पुस्तकावर आणायचं. क्लिप मधल्या खाचेत, स्क्रू दीड फेरा, मेन जेट पुस्तकातल्या आकड्याचा. बाबांना सांगितलं.

ते काही बोलले नाहीत, पण चेहरा पडला. थोड्या वेळाने म्हणाले, "क्लिप वरच राहू दे. खाली घेतलीस तर चालणारच नाही."

"मला माहितेय बाबा. चालू नये म्हणूनच करतेय. म्हणजे खरं काय आहे ते दिसेल."

"मी काय खोटं केलं होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. खोटं त्यांनी काहीच केलं नव्हतं. हातात जे होतं त्यातून गाडी रोज सकाळी सात वाजता वागळे इस्टेटला पोचवली होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, तुमच्याकडे नवीन जेट नव्हतं, माझ्याकडे आता येऊ शकतं, एवढाच फरक आहे. अ‍ॅमलच्या नावाने आजही इंग्लंडात हे भाग बनतात, पोस्टाने मागवता येतात. ते म्हणाले, "बरं. कर मग." आणि रेडिओ लावला.

बाबांचं खरं झालं. पुस्तकाच्या मापावर गाडी इतकी ओव्हर झाली की गेटबाहेर पडतानाच मागे काळा लोट. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या चादरी आत घेतल्या. पण आता सगळा दोष एकाच जागी उभा राहिला होता. सुई आणि सुईचं जेट, बाकी कुणावर संशय घ्यायला जागा नाही.

जेट काढून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवलं, नखाने तोंड चाचपलं. "आतल्या खोलीत कपाटावर पत्र्याचा डबा आहे. त्यात ड्रिलचा सेट. छत्तीस नंबरचा आण."

मला कळेना. त्यांनी सांगितलं, या जेटचं मूळ भोक इंचाचे १०६.५ हजारावे भाग, आणि छत्तीस नंबरचा ड्रिल नेमका तेवढाच. पॉइंट एक शून्य सहा पाच. ड्रिलच्या नंबरांचा तक्ता टूलरूममधल्या माणसाला पाढ्यांसारखा पाठ असतो. माझ्या बाबांना आज सकाळी काय खाल्लं ते कधी कधी आठवत नाही, तो तक्ता आठवतो. ड्रिल मिळाला. त्याचा गुळगुळीत दांडा त्यांनी जेटमध्ये घातला आणि जेट माझ्या बोटात दिलं. "हलवून बघ."

दांडा एका दिशेला घट्ट होता. नव्वद अंशांत फिरवून हलवला तर स्पष्ट डुलला. गोल भोक लांबट झालं होतं.

"किती असेल?"

"दोन थाऊ. अडीच म्हण," ते म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. पण सुई आणि भोक यांच्यामध्ये जी फट असते तीच मुळात इतकी निरुंद असते की त्यात दोन-अडीच थाऊंनी खूप फरक पडतो. इंजिनाचा प्रत्येक ठोका त्या सुईला जेटच्या कडेवर आपटतो. पितळ मऊ. लाखो वेळा आपटलं की झिजतं, आणि नेहमी एकाच दिशेने झिजतं.

मग मी सुई पाहिली. मला या सगळ्या कामात जर कुठली गोष्ट जपून ठेवावीशी वाटली असेल तर ती ही. सुई मळकट होती, तपकिरी थर चढलेली. पण मधल्या भागात, जेमतेम चार मिलिमीटर लांबीची, एका अंगाला एक पट्टी आरशासारखी चकाकत होती. वर मळ, खाली मळ, मध्ये ती पट्टी. मी भिंग लावलं. पट्टी सपाट झाली होती, बोटाने फिरवलं की नखाला कड लागत होती. सुई स्लाइडला परत लावली, चिकटपट्टीच्या रेघा पाहिल्या, आणि मूठ कुठे असताना सुईचा तो भाग जेटच्या तोंडाशी येतो ते मोजलं. पाव भागाच्या जरा पुढे.

बाबांना सांगितलं. त्यांना भिंगातून पट्टी दिसेना, पण मी त्यांचा अंगठा त्या जागेवर ठेवला. ते जरा वेळ अंगठा फिरवत राहिले.

"तीस आणि चाळीसच्या मध्ये काटा," ते म्हणाले. मीटर मैलांचा आहे. "टॉप गिअर. हरिनिवास सोडलं की तीन पेट्रोल पंप, पाचपाखाडी, नितीन कंपनी, इस्टेट. त्यापेक्षा जोरात मी कधी नेलीच नाही. घाई कसली होती?"

एकतीस वर्षं जाऊन-येऊन तोच रस्ता, तीच मूठ. नितीन कंपनी म्हणजे आता फक्त नाक्याचं नाव आणि रिक्षावाल्याला सांगायची खूण. रस्त्यावर पूल आले, कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, बाबांचा कारखानाही बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्या रस्त्याचा वेग मात्र चार मिलिमीटरच्या पट्टीत राहून गेला होता, आणि बाबांच्या अंगठ्याला तो लागत होता.

मग मला कसाऱ्याचा घाट आठवला. १९८३, मी दहा वर्षांची. आम्ही तिघं नाशिकला निघालो होतो, मी टाकीवर पुढे, आई मागे. घाटात अर्ध्यावर फटफटी अचानक ओरडल्यासारखी झाली आणि मागचं चाक खरडत थांबलं. पिस्टन जाम. बाबांनी क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. दरीकडच्या कठड्यावर दीड तास बसून इंजिन थंड होऊ दिलं, आई पदराने माझं तोंड पुसत होती, बाबा एकदाही बोलले नाहीत. नंतर कित्येक वर्षं ते म्हणायचे की ऑइल कमी पडलं, पंपाचा दोष. पंप त्यांनी दोनदा उघडला. दोन्ही वेळा त्यात काही सापडलं नाही.

दोष त्या सुरेख वळलेल्या, आकडा नसलेल्या मेन जेटमध्ये होता. रोजच्या रस्त्यावर गाडी ओव्हर मारते म्हणून त्यांनी मेन जेट बारीक केला. पण मधल्या मुठीला पेट्रोल मोजते सुई, मेन जेट नाही. त्यामुळे इस्टेटच्या रस्त्यावर फरक थोडा पडला. आणि घाटात, तीन माणसं घेऊन, मूठ पूर्ण उघडल्यावर जिथे खरोखर मेन जेटचं राज्य सुरू होतं, तिथे पेट्रोल कमी पडलं. कमी पेट्रोल म्हणजे जास्त हवा, जास्त उष्णता, फुगलेला पिस्टन. रोज गुदमरणारी गाडी त्या एका दिवशी तहानेने थांबली होती.

हे मी बाबांना सांगावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितलं, कारण न सांगणं त्यांचा अपमान झाला असता. टूलरूमचा माणूस आहे, कारण कळण्याचा त्याचा हक्क आहे. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे पंप बरोबर होता."

"हो."

"मी उगाच त्याला दोनदा उघडलं." थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "तू पुढे टाकीवर बसली होतीस." एवढंच.

नवी सुई आणि नवं जेट तीन आठवड्यांनी आलं. सुईची क्लिप मधल्या खाचेत, बाबांनी छत्तीस नंबरचा दांडा घालून पाहिला, हलला नाही. गाडी सुरू झाली आणि पहिल्या मिनिटात आवाजाचा पोत बदललेला कळला. हवेचा स्क्रू आत पिळला की पेट्रोल वाढतं, बाहेर काढला की कमी होतं. तो फिरवत ठोके सगळ्यात सरळ पडतात ती जागा शोधली. सव्वा फेरा. व्हॉल्व्हट्यूबचा तुकडा लागला नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण पुस्तक १९५६ चं आहे आणि पेट्रोल आजचं. येऊरच्या चढावर अर्ध्या मुठीला गाडी आता कोरडी वाटू लागली. मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटाफट आवाज, आणि प्लग पांढुरका. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ च. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे तीच जेट, तीच सुई, पण मिश्रण आपोआप हवेच्या बाजूला झुकतं. शिवाय प्लगच्या ज्या रंगाचे धडे जुन्या पुस्तकांत दिलेत तो शिश्याच्या पेट्रोलचा रंग. २००० साली देशभरातून शिश्याचं पेट्रोल गेलं, त्याबरोबर तो रंगही गेला. आता प्लगच्या टोकाकडे न बघता आत, चिनीमातीच्या मुळाशी जी बारीक कडी दिसते ती वाचावी लागते. ती भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी झाली की बरोबर.

मी क्लिप एक खाच खाली घेतली. सुई वर, पेट्रोल जास्त. पन्नास वर्षं जी क्लिप पेट्रोल कमी करायला वर वर सरकवली जात होती ती आता पुस्तकापेक्षाही खाली बसली आहे. मेन जेटही एक घर मोठा टाकला, कसारा लक्षात ठेवून. त्यानंतर फटाफट थांबली. दुसऱ्या रविवारी येऊरच्या वर पोचले तेव्हा पानांवर दव होतं, प्लगच्या मुळाशी शेंगदाण्याच्या सालीचा रंग होता, आणि मी तिथल्या दगडावर बसून पहिल्यांदा निवांत डब्यातले पोहे खाल्ले.

परत येताना तलावपाळीला वळसा घातला, कारण गाडी सोडवेना. गोखले रोडच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्येही ती गुरगुरली नाही. घंटाळी मंदिर आलं, डावा हात खाली गेला, कॉक बंद. मग आमचा कोपरा, मग गेट. वर गॅलरीत बाबा मान तिरकी करून ऐकत होते. मी मूठ सैल सोडली आणि उचक्यांची वाट पाहिली.

उचक्या आल्या नाहीत. फटफटी शांतपणे ठोके देत राहिली. गेटात वळायची सवय इंजिन बंद पडण्याच्या आवाजाशी बांधलेली, तो आवाजच नाही, त्यामुळे मी सरळ पुढे निघून गेले. गेट मागे पडलं, इस्त्रीवाल्याची टपरी गेली, दूधकेंद्र गेलं. पुढच्या पिंपळापाशी तिने दोन उचक्या दिल्या आणि थांबली. तिथून तिला ढकलत परत आणलं. वजनदार गाडी आहे, इस्त्रीवाल्याने मागून हात लावला.

गेटाशी पोचले तेव्हा बाबा कठड्याला धरून उभे होते. बऱ्याच महिन्यांनी असे उभे राहिलेले पाहिले.

"कुठे बंद पडली?" त्यांनी वरून विचारलं.

"पिंपळापाशी."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे ऐंशी पावलं जास्त," ते म्हणाले. "उद्यापासून घंटाळीला नको. पुढे ते जुनं वाण्याचं दुकान आहे ना, तिथे कॉक बंद करत जा."